काट्याचं सॉफ्टवेअर ३२-बिटवरून ६४-बिटवर नेलं तर पावती लवकर निघेल का?

काटाघर_केळापूर

नमस्कार मंडळी. मी केळापूर तालुक्यातल्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. दसऱ्यानंतर कापूस सुरू होतो तो मार्चपर्यंत. सध्या भर आहे, रोज दोनशेच्या वर गाड्या येऊन राहिल्या. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, छोटे हत्ती आणि जवळच्या गावांतून अजूनही आठ-दहा बंड्या. प्रत्येक गाडी दोनदा काट्यावर चढते, आधी भरलेली आणि कापूस खाली केल्यावर रिकामी. रिकाम्या वजनाच्या वेळी मी गाडी नंबर टाकतो, सॉफ्टवेअर सकाळचं भरलेलं वजन शोधतं, वजा करतं आणि पावती छापतं.

हे शोधणंच सरत नाही. मोबाइलचं घड्याळ लावून मोजलं. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास एंटर दाबल्यापासून पावती निघेपर्यंत २२ ते २५ सेकंद जातात. दोनशे गाड्यांचा हिशेब केला तर दिवसाचा सव्वा तास नुसता त्या स्क्रीनकडे पाहण्यात जातो. मागच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या कास्तकाराची बंडी रात्री साडेनऊला सुटली. बारा किलोमीटर जायचं होतं, बैल सकाळपासून जुंपलेले. ते काही बोलले नाहीत, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

सॉफ्टवेअर २००९ सालचं आहे, व्हीबी ६ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं. डेटा मायक्रोसॉफ्ट अॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रामच्या एमडीबी फाइलमध्ये, ती आता १.१ जीबीची झाली. फाइल ऑफिसात मुनीमजींच्या कॉम्प्युटरवर असते आणि काट्याच्या केबिनमधून मी वायरीने ती उघडतो. दोन्हीकडे विंडोज १०. मुनीमजींचा ६४-बिट, माझा ३२-बिट. माझ्या कॉम्प्युटरला रॅम ४ जीबी लावली आहे, पण वापरता येण्याजोगी ३.२ च दाखवतो.

आता सॉफ्टवेअरवाला म्हणून राहिला की दुखणं ३२-बिटचं आहे. सगळं ६४-बिटवर नेऊ, प्रोसेसर एका वेळी दुप्पट डेटा उचलेल, स्पीड डबल होईल. दोन नव्या कॉम्प्युटरसह १ लाख ४० हजार मागितले. मालकांनी मला विचारलं, "तुझं मत काय?" मी आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन आहे. मोटर, स्टार्टर, वायरिंग सांगू शकतो. प्रोसेसरच्या आतलं मला ठाऊक नाही आणि ठाऊक नसताना हो म्हणायचं नाही. खरंच दुप्पट होतं का?

एक गोष्ट लक्षात आली ती लिहून ठेवतो. मुनीमजी अकराला येऊन आपला प्रोग्राम उघडतात. त्याच्या आधी, म्हणजे नऊ ते अकरा, हीच पावती पाच-सहा सेकंदांत निघते.

कृषीकेंद्र_दारव्हा

नेऊन टाका, विचार करू नका. मागच्या वर्षी मी दुकानातला कॉम्प्युटर ३२ वरून ६४-बिट विंडोजवर नेला. आधी खताचं बिल निघेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन येत होतं, आता लगेच निघते. त्याच वेळी रॅम २ ची ८ जीबी केली आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली. एकूण खर्च सात हजार. तुमचे १ लाख ४० हजार मात्र जास्त वाटतात, घासाघीस करा.

वावर_आणि_कोड

काटाघर भाऊ, मालकांना सांगा, थोडं थांबा.

कृषीकेंद्र दादांचा कॉम्प्युटर पळाला यात शंका नाही, पण त्यांनी तीन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी हा बदल एवढा मोठा असतो की त्याच्या शेजारी ६४-बिटचा वाटा किती, हे सांगताच येणार नाही.

मी आठ वर्षं पुण्यात सी++ वर काम केलं. तीन वर्षांपासून आर्वी तालुक्यात घरी राहून तेच करते, सकाळी वावर आणि दुपारनंतर हे. ३२ वरून ६४ वर प्रोग्राम नेण्याचं काम माझ्या हातून तीनदा झालं आहे. एकदा भरपूर फायदा झाला, एकदा काडीचाही नाही, आणि एकदा प्रोग्राम हळू झाला. तिन्हींचं कारण सांगते, म्हणजे तुमचं कशात बसतं ते तुम्हालाच कळेल.

बिट म्हणजे शून्य किंवा एक. ३२-बिट म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता अशा ३२ बिटांत लिहायचा. त्यात ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात, म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स वगैरे उपकरणांसाठी राखलेले असतात, म्हणून तुमच्या ४ जीबीतली ३.२ च हाती लागते. आणि ३२-बिट विंडोजवर एकेका प्रोग्रामच्या वाट्याला साधारण २ जीबीच येते.

फायदा झाला तो इथे. वरुडकडच्या संत्र्याच्या बागांचे ड्रोनने काढलेले शेकडो फोटो जोडून एक मोठं चित्र करायचं काम होतं. ३२-बिट प्रोग्राम २ जीबीला टेकला की मरायचा. म्हणून आम्ही बागेचे तुकडे पाडायचो, एक तुकडा डिस्कवर लिहायचा, दुसरा घ्यायचा, परत पहिला वाचायचा. नऊ तास लागायचे. ६४-बिट केल्यावर सगळी बाग मेमरीत मावली आणि काम अडीच तासांवर आलं. प्रोसेसर गणित भराभर करू लागला म्हणून हे झालं नाही, डिस्कवरच्या खेपा वाचल्या म्हणून झालं.

गणितालाही थोडा हातभार लागतो, ते नाकारत नाही. एएमडीने २००३ साली ६४-बिटचा ऑप्टेरॉन आणला तेव्हा एका वेळी हाताळायच्या आकड्याच्या रुंदीबरोबर प्रोसेसरची हाताशी असलेली खणंही वाढवली. रजिस्टर म्हणतात त्यांना, ती ८ होती ती १६ झाली. आकडे वारंवार मेमरीत ठेवून परत आणायचं काम कमी झालं. आणि ६४ बिटांचे दोन आकडे मिळवायला ३२-बिट प्रोसेसरला दोन पायऱ्या लागतात, याला एक. ज्या प्रोग्रामचा वेळ खरोखर आकडेमोडीत जातो त्याला हे जाणवतं. आमच्या दुसऱ्या कामात प्रोग्राम फाइली वाचून नुसता पुढे पाठवत होता. तिथे घड्याळात सेकंदाचाही फरक पडला नाही.

आता तोटा. हे कोणी विकणारा सांगत नाही, म्हणून नीट लिहिते. तिसरा प्रोग्राम खातेदारांची यादी झाडासारखी बांधायचा, एका नोंदीतून डावी, उजवी आणि वरची नोंद अशा तीन पत्त्यांच्या फांद्या आणि एक खाते क्रमांक. ३२-बिटमध्ये पत्ता ४ बाइटचा, म्हणजे नोंद १६ बाइटची. ६४-बिटमध्ये पत्ता ८ बाइटचा. तीन पत्त्यांचे २४, क्रमांकाचे ४ आणि ओळ सरळ राहावी म्हणून कंपायलरने (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाने) टाकलेली ४ बाइटची भरती, झाले ३२. माहिती कणभर वाढली नाही, जागा दुप्पट झाली. प्रोसेसर मेमरीतून एका खेपेला ६४ बाइट उचलतो. आधी एका खेपेत चार नोंदी यायच्या, आता दोनच. ४१ सेकंदांचं काम ४७ सेकंदांवर गेलं. जावावाल्यांनाही हाच त्रास झाला, म्हणून ६४-बिट जावात पत्ते दाबून ३२ बिटांत ठेवायची सोय केली आहे. ३२ जीबीपर्यंतच्या मेमरीला ती चालते.

तेव्हा "दुप्पट रुंद म्हणून दुप्पट वेग" हा हिशेब या तिन्हींत कुठेच लागला नाही.

तुमच्या सॉफ्टवेअरबद्दल अजून एक. व्हीबी ६ ला ६४-बिट कंपायलर आलाच नाही. एमडीबी वाचणारं जुनं जेट ४ इंजिनही फक्त ३२-बिट आहे. म्हणजे "६४-बिटवर नेऊ" याचा अर्थ सगळं नव्याने लिहू. नुसता कॉम्प्युटर ६४-बिट घेतला तर तुमचा आहे तोच ३२-बिट प्रोग्राम त्यावर जसाच्या तसा चालेल, ना धड हळू ना धड भरभर. आणि एमडीबीला २ जीबीची हद्द आहे ती फाइलची आहे, प्रोसेसर कोणताही आणा. १.१ वर आहात, हे लक्षात असू द्या.

आज संध्याकाळी पावती अडकलेली असताना तुमच्या कॉम्प्युटरवर टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयू म्हणजे प्रोसेसर किती टक्के, नेटवर्क किती, हे लिहून घ्या. मग मुनीमजींकडे अॅक्सेस असेल तर फाइलची कॉपी उघडून वजनाच्या टेबलमध्ये ओळी किती आणि इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली क्रमवार सूची, कोणत्या रकान्यांना आहे ते पाहा. मूळ फाइलला हात लावू नका.

काटाघर_केळापूर

ताई, एवढं सविस्तर लिहिलं, आभार. पाहिलं. शोधत असताना सीपीयू १० ते १५ टक्के. नेटवर्क मात्र ९४ एमबीपीएसला जाऊन आडवी रेघ होते आणि पावती निघाली की खाली पडते. वजनाच्या टेबलमध्ये ३ लाख ७१ हजार ओळी, २००९ पासूनच्या सगळ्या. इंडेक्स फक्त पावती नंबरला आहे. गाडी नंबरला नाही.

काटा_दुरुस्ती_वणी

मी वजनकाटे दुरुस्त करतो, माझ्या बाजूचं सांगतो. काट्याचा इंडिकेटर कॉम्प्युटरला सिरियल वायरीने वजन पाठवतो. ९६०० बॉड या वेगाला सेकंदाला ९६० अक्षरं जातात, वजनाची ओळ पंधरा-वीस अक्षरांची. त्यात वेळ जातच नाही. वेळ जातो तो ट्रॉली हलायची थांबून आकडा स्थिर होण्यात, तिथे तुमचा प्रोसेसर ३२ असो की ६४, तो वाटच पाहणार.

पण नवे कॉम्प्युटर घेण्याआधी एक ध्यानात ठेवा. नव्या मशीनला बहुतेक सिरियल पोर्ट नसतो, यूएसबीचं कन्व्हर्टर लावावं लागते आणि त्याचा ड्रायव्हर ६४-बिटच पाहिजे. प्रोग्राम ३२-बिट चालतो, ड्रायव्हर चालत नाही. सॉफ्टवेअरला डोंगल (किल्लीसारखं लावायचं उपकरण, ज्याशिवाय ते चालत नाही) असेल तर त्याचंही तसंच. आमच्या इकडे एका जिनिंगने ऐन भरात कॉम्प्युटर बदलले आणि दोन दिवस हाताने पावत्या फाडल्या, मी स्वतः तिथे होतो. मुनीमजींकडे डॉसच्या काळातला हिशेबाचा प्रोग्राम असेल तर तोही पाहून घ्या. १६-बिटचे प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर सरळ उघडतच नाहीत.

वावर_आणि_कोड

वणीच्या दादांचं डोंगल आणि ड्रायव्हरचं सोन्यासारखं आहे. मी विसरले होते.

काटाघर भाऊ, तुमचे २२ सेकंद सापडले. एक ओळ सरासरी ६५० बाइटची धरा, फोन, गाव, पत्ता, भाव सगळं त्यात असेल. ३ लाख ७१ हजार ओळी म्हणजे साधारण २४० एमबी. तुमची वायर १०० एमबीपीएसची आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला कितीही केलं तरी १२.५ एमबी, खऱ्यात ११-१२. भागून पाहा, एकवीस सेकंद येतात. तुम्ही पाहिलेली ती आडवी रेघ तीच.

एमडीबीला सर्व्हर नसतो. फाइल मुनीमजींकडे नुसती पडलेली असते, शोधण्याचं काम तुमचा काट्यावरचा कॉम्प्युटर करतो. गाडी नंबरला इंडेक्स नाही, म्हणून एक गाडी शोधायला तो २००९ पासूनच्या सगळ्या गाड्या वायरीवरून आपल्याकडे ओढून आणतो. दर वेळी. मुनीमजींना रजिस्टरमधलं एक पान मागायचं तर चौदा-पंधरा वर्षांची सगळी रजिस्टरं हमालाच्या डोक्यावर केबिनमध्ये मागवावीत, तसं.

आणि सकाळचं कोडं. फाइल तुम्ही एकट्यानेच उघडलेली असते तेव्हा विंडोज तुमच्या कॉम्प्युटरला वाचलेला डेटा स्वतःजवळ ठेवायची परवानगी देतं, कारण दुसरं कोणी त्यात बदल करत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पावतीपासून वायरीवर जावंच लागत नाही. मुनीमजींनी फाइल उघडली की ती परवानगी काढून घेतली जाते आणि प्रत्येक शोध पुन्हा वायरीवरून. तुम्ही ती नोंद केली नसती तर मला एवढ्या लवकर कळलं नसतं.

आता करायचं काय. बाजार बंद असेल त्या दिवशी फाइलच्या दोन कॉप्या वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. आधी कॉपीवर करून पाहा: अॅक्सेसमध्ये कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (फाइलमधली वाया गेलेली जागा काढून ती आवळणं), मग गाडी नंबरला इंडेक्स. प्रोग्राम एसक्यूएलने (डेटाबेसकडे हवी तीच ओळ मागायच्या भाषेत) गाडी मागत असेल तर जेट तो इंडेक्स आपणहून वापरेल. पण आख्खं टेबल उघडून एकेक ओळ पाहत जाणारा प्रोग्राम असेल तर इंडेक्सचा उपयोग नाही, तेव्हा कोड बदलावाच लागेल. चाचणी केल्याशिवाय हे सांगता येणार नाही.

शिवाय दोन कॉम्प्युटरच्या मधला नेटवर्कचा स्विच १००० एमबीपीएसचा टाका, लहान स्विच हजार-पंधराशेत येतो. त्यासाठी केबलच्या चारही जोड्या जोडलेल्या हव्यात. जुन्या फिटिंगमध्ये दोनच जोड्या जोडून सोडलेलं असतं. ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं पाहाल.

काटाघर_केळापूर

मंडळी, आठ दिवस कामात होतो, आता सांगतो.

रविवारी बसलो. कॉम्पॅक्टने फाइल १.१ जीबीची ६९० एमबी झाली. कॉपीवर इंडेक्स टाकला, अर्धा मिनिटही लागला नाही. प्रोग्राम त्या कॉपीला जोडून, मुनीमजींना मुद्दाम बोलावून त्यांचाही प्रोग्राम उघडा ठेवला आणि जुना गाडी नंबर टाकला. एंटर दाबून मी घड्याळाकडे पाहिलं तोवर प्रिंटर वाजला. परत केलं, परत तेच. मुनीमजी म्हणाले, "अजून एकदा कर." वीस गाड्या करून पाहिल्या.

सोमवारपासून मूळ फाइलवर आहे. संध्याकाळी सात वाजता, रांग दरवाज्याच्या बाहेर असताना, पावती २ ते ३ सेकंदांत, त्यातलाही वेळ प्रिंटरचाच. नेटवर्कची रेघ आता जमिनीलाच असते. केबल उघडून पाहिली, ताई म्हणाल्या तशा खरंच दोनच जोड्या होत्या. चारही जोडल्या, स्विच तेराशेचा आणला. परवा २१४ गाड्या झाल्या आणि शेवटची गाडी आठ वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडली. बंड्या आता मी आधी घेतो, त्या उजेडातच निघून जातात.

मालकांना सगळा हिशेब कागदावर लिहून दाखवला, २४० एमबी भागिले साडेअकरा. १ लाख ४० हजार थांबवले. २ जीबीची हद्द ऐकून ते म्हणाले की हंगाम संपला की नवं लिहून घेऊच, पण मग व्यवस्थित.

एक राहिलं. मुनीमजींचा महिन्याचा ताळा: किती कापूस आला, त्यातून रुई किती, सरकी किती, १७० किलोच्या गाठी किती बांधल्या. तो त्यांच्याच कॉम्प्युटरवर चालतो आणि सहा मिनिटं घेतो. तिथे नेटवर्क शून्य आहे, सीपीयू सारखा २५ टक्क्यांवर उभा असतो. प्रोसेसर चार कोरचा. इथे ६४-बिटचा फायदा होईल का?

वावर_आणि_कोड

भाऊ, बंड्या उजेडात जातात हे वाचून आईलाही वाचून दाखवलं.

चार कोर म्हणजे आत चार प्रोसेसर. त्यांतले २५ टक्के म्हणजे एक कोर पूर्ण भरलेला आणि तीन रिकामे. तेव्हा या कामात खरोखर प्रोसेसरच अडतो आहे आणि तुमचा ६४-बिटचा प्रश्न इथे योग्य आहे. व्हीबीत रकमेसाठी करन्सी हा प्रकार वापरला असेल तर तो मुळातच ६४ बिटांचा पूर्णांक असतो, त्याच्या बेरजा ६४-बिट प्रोग्राममध्ये एका पायरीत होतील. पण महिन्याच्या गाठी हजारांत मोजायच्या. तेवढ्या बेरजांना जुन्या प्रोसेसरलाही डोळ्याची पापणी लवेल एवढाही वेळ लागत नाही. सहा मिनिटं दुसरीकडे जातात. माझा अंदाज असा की प्रत्येक गाठीसाठी कापसाचं टेबल पहिल्यापासून पुन्हा वाचलं जातं. फाइल जवळच असल्यामुळे वायर लागत नाही आणि सगळा भार त्या एका कोरवर येतो.

हंगामानंतर नवं लिहून घ्याल तेव्हा ६४-बिटच घ्या. विंडोज ११ फक्त ६४-बिटचीच येते आणि नवी साधनं सगळी तिकडेच आहेत. डेटा मात्र खऱ्या डेटाबेस सर्व्हरवर ठेवायला सांगा, म्हणजे शोधणं मुनीमजींच्या मशीनवर होईल आणि वायरीवरून एकच ओळ येईल. कागदावर "६४-बिट" एवढंच लिहून घेऊ नका. "संध्याकाळी सातला, दोन्ही कॉम्प्युटर चालू असताना, दुसऱ्या वजनाची पावती ३ सेकंदांत" असं लिहून घ्या आणि पैसे त्यावर द्या.

ताळ्याची क्वेरी, म्हणजे डेटा मागायचा लिहून ठेवलेला हुकूम, एमडीबीतच सेव्ह केलेली असेल. अॅक्सेसमध्ये ती डिझाइनमध्ये उघडा, एसक्यूएल व्ह्यूमधला मजकूर इथे चिकटवा आणि गाठींच्या टेबलमध्ये लॉट नंबरला इंडेक्स आहे का ते सांगा. आज आमच्याकडे रात्री दहानंतर लाइन येणार आहे, आली की पाहते.